बायबल वाचायचं, पण कोणाचं?

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो. माझ्या एका हाताला वसईचा मित्र, दुसऱ्या हाताला नगरचा. दोघंही ख्रिस्ती. वसईचा कॅथलिक, नगरचा प्रोटेस्टंट. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सुरू झाली आणि दोघांचे आवाज जुळून चालले. 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथं येताच वसईकरानं 'आमेन' म्हटलं आणि तो थांबला. नगरकर 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत' एवढं आणखी म्हणून मग आमेनवर आला. मध्ये पाच-सहा सेकंद गेले असतील. तेवढा वेळ वसईकर मान खाली घालून उभा राहिला. नंतर चहा पिताना मी विचारलं, तर हसून म्हणाला, "आमची गाडी एक स्टेशन आधी थांबते."

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हे पाच-सहा सेकंद एवढ्या स्वस्तात निघाले नसते. शाळेत प्रार्थना कुठं थांबवायची, बायबल कोणतं उघडायचं, दहा आज्ञा कोणत्या क्रमानं म्हणायच्या, यावरून तिथं मुलांना शाळेतून काढलं, छड्या मारल्या, चर्च जाळली, माणसं मेली. 'शाळेत बायबल' अशी अमेरिकेतली बातमी आली की आपण ती आस्तिक विरुद्ध नास्तिक अशी वाचतो. अलीकडच्या काळापुरतं ते थोडंफार खरंही आहे. पण या भांडणाची पहिली शंभर वर्षं बघितली तर दोन्ही बाजूंना बायबल उराशी धरलेली माणसंच जास्त दिसतात.

सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८३७ साली शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि होरेस मान त्याचे पहिले सचिव झाले. सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतील आणि खर्च करातून होईल, अशी 'कॉमन स्कूल' त्यांना उभी करायची होती. धर्माशिवाय मुलांना नीती शिकवता येईल, ही कल्पना तेव्हा फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती. पण धर्म शिकवायचा तर तो कोणाचा? काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन असे अनेक पंथ शेजारीशेजारी नांदत होते. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा की जाणत्या माणसाला, इथपासून येशू स्वतः देव की देवानं पाठवलेला, इथपर्यंत त्यांचे मतभेद होते. त्यात राज्याचा १८२७चा कायदा सांगत होता की एका पंथाची बाजू घेणारं पुस्तक शाळेत चालणार नाही.

यावर जो तोडगा रुळला, तो वरवर फार सोपा होता. बायबल वाचायचं, पण शिक्षकानं त्यावर एक अक्षरही बोलायचं नाही. आपल्याकडं परिपाठ असतो तसं, सकाळी शाळा भरली की काही वचनं वाचायची आणि गणिताला लागायचं. टीका नाही, टिप्पणी नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. सगळे पंथ मानतात ते पुस्तक समोर ठेवलं आणि आपण गप्प राहिलो, म्हणजे कुणाचीच बाजू घेतली नाही, असा हिशेब.

पहिली कुरकुर प्रोटेस्टंटांमधूनच झाली. मान स्वतः युनिटेरियन, म्हणजे येशूला स्वतः देव न मानणाऱ्या पंथाचे होते. कडवे काँग्रिगेशनल लोक म्हणू लागले, पाप, तारण, नरक यांबद्दल तोंड न उघडता नुसती सदाचाराची वचनं वाचणं म्हणजे धर्मात पाणी घालणं आहे, आणि हे पाणी नेमकं युनिटेरियनांच्या विहिरीचं आहे. मान यांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पुढं बहुतेक प्रोटेस्टंट पंथ या तोडग्यावर हळूहळू एक झाले. त्यामागचं एक मोठं कारण, माझ्या मते, तोडग्याच्या गुणांत नव्हतं. बंदरांवर आयरिश कॅथलिकांची जहाजं लागत होती, आणि त्यांच्यासमोर जुने मतभेद अचानक घरगुती वाटायला लागले.

आता कॅथलिक पोराच्या बाकावर बसून बघू. शिक्षक म्हणतो, स्तोत्र २३ काढा, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. शाळेतलं बायबल म्हणजे किंग जेम्स आवृत्ती, १६११ची, इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेनं झालेली. या मुलाच्या घरी असलंच तर डुए-रीम्स असतं, कॅथलिकांनी लॅटिनवरून केलेलं इंग्रजी भाषांतर. त्यात स्तोत्र २३ उघडलं तर मेंढपाळ तिथं नाहीच, तो २२व्यात आहे. स्तोत्रांचे आकडे बऱ्याच ठिकाणी एकानं मागंपुढं आहेत. नोहाला तिथं 'नोए' म्हणतात. जुन्या करारात प्रोटेस्टंटांची पुस्तकं ३९, कॅथलिकांची ४६. तोबित, यहुदिथ, मक्काबी वगैरे सात पुस्तकं एकाच्या दृष्टीनं पवित्र शास्त्र, दुसऱ्याच्या दृष्टीनं वाचायला हरकत नसलेली जुनी पुस्तकं. माझ्या वसईकर मित्राची गाडी आधी थांबते त्याचंही कारण हेच: 'राज्य, सामर्थ्य आणि गौरव' ही ओळ किंग जेम्समधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, लॅटिन परंपरेच्या मत्तयात नाही.

हे झाले आकड्यांचे आणि पानांचे फरक. खरी मेख शब्दांत आहे. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना काय सांगतो? किंग जेम्सप्रमाणे त्याचा अर्थ होतो 'पश्चात्ताप करा'. डुए-रीम्सप्रमाणे होतो 'प्रायश्चित्त करा'. मराठीत हा फरक फोड करून सांगावा लागत नाही. पश्चात्ताप मनात होतो, तो तुमच्या आणि देवाच्या मधला. प्रायश्चित्त करावं लागतं, ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि तिथं धर्मगुरू येतो, पापनिवेदन येतं, अख्खी चर्चसंस्था येते. सोळाव्या शतकात युरोप ज्यावरून दुभंगला, त्यातला मोठा भाग या दोन शब्दांच्या मधल्या फटीत मावतो. शिक्षक काही न बोलता फक्त 'पश्चात्ताप करा' असं वाचतो, तेव्हा त्या फटीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते त्यानं ठरवून टाकलेलं असतं.

त्याहून खोल मुद्दा 'टिप्पणी नको' या अटीचाच. माणसानं शास्त्र स्वतः वाचावं, मध्ये कुणी नको, हा प्रोटेस्टंटांचा मूळ सिद्धांत. तेव्हाच्या बायबल सोसायट्या बायबल छापून वाटायच्या ते याच तत्त्वावर, टीपा गाळून. कॅथलिकांचं म्हणणं उलट होतं. शास्त्र परंपरेच्या हातून घ्यायचं असतं, म्हणून त्यांच्या बायबलला तळटीपा हव्यातच. ज्ञानेश्वरीतून गीता समजून घेतलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. उद्या कुणी म्हणालं, गीता वाचा, पण टीका एकाचीही नको, म्हणजे कुणाचा पक्ष घेतला असं होणार नाही, तर एखादा वारकरी विचारेल की माउलींना बाजूला बसवलंत हा पक्ष नाही तर काय? भरीला किंग जेम्सच्या मूळ अर्पणपत्रिकेत 'पापपुरुषा'वर घातलेल्या घावाचं कौतुक आहे, आणि हा पापपुरुष म्हणजे पोप. आपल्या मुलानं रोज सकाळी त्या पुस्तकासमोर उभं राहावं, हे आयरिश बापाला रुचेल असं वाटणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ साली शाळा मंडळाला पत्र लिहिलं. मागणी मर्यादित होती: कॅथलिक मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या आणि प्रोटेस्टंट पद्धतीच्या प्रार्थनेची सक्ती करू नका. मंडळानं पुढच्या जानेवारीत उत्तर दिलं, ज्यांच्या पालकांची हरकत आहे त्यांनी वाचनाला बसू नये, आणि पालकांना पसंत असलेली दुसरी आवृत्तीही चालेल, मात्र तिच्यात टीपा नकोत. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, कारण डुए-रीम्सला टीपा होत्या.

शहराला लागूनच केन्सिंग्टन नावाची विणकरांची वस्ती होती. तिथला ह्यू क्लार्क हा कॅथलिक शाळा-संचालक १८४४च्या फेब्रुवारीत मुलींच्या एका शाळेत गेला. वाचनाच्या वेळी कॅथलिक मुली उठून बाहेर जातात, परत येतात, गोंधळ होतो, हे त्यानं पाहिलं. काही सोय लागेपर्यंत वाचन थांबवलं तरी चालेल, असं तो बाईंना म्हणाला. एवढंच. पण गावात बातमी पसरली ती अशी की पोपचे लोक शाळेतून बायबल हाकलून लावत आहेत. स्थलांतरितांच्या विरोधात तिथं आधीच एक राजकीय पक्ष उभा होता. बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी २१ वर्षं थांबवा, ही त्याची मागणी. विणकरांच्या मजुरीची भांडणंही ताजी होती. सरपण रचलेलं होतं, बायबलनं काडी ओढली. मे महिन्यात या पक्षानं आयरिश मोहल्ल्यातच सभा घेतली, मारामारी झाली, गोळ्या सुटल्या. ८ मे रोजी सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन कॅथलिक चर्च जमावानं जाळली. सेंट ऑगस्टिनबरोबर धर्मग्रंथांनी भरलेलं त्याचं ग्रंथालयही गेलं. बायबल वाचवायला निघालेल्या लोकांच्या आगीत त्या दिवशी किती बायबलं जळाली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. जुलैमध्ये साउथवर्क भागात पुन्हा दंगल झाली, तेव्हा रस्त्यात तोफा चालल्या. दोन्ही वेळचे मिळून किमान २० लोक मेले. शहर आणि उपनगरं यांचा कारभार वेगवेगळा असल्यानं बंदोबस्त जमला नाही, हे लक्षात आलं. १८५४ साली ही सगळी गावं एका महानगरात विलीन झाली, त्यामागच्या कारणांत या दंगली मोजल्या जातात.

बॉस्टनमध्ये १८५९ साली जे घडलं, त्यात कुणी मेलं नाही, तरी ते जास्त टोचतं. एलियट स्कूलमध्ये मुलांना दहा आज्ञा मोठ्यानं म्हणाव्या लागत. आज्ञा दहाच, यावर सगळ्यांचं एकमत, मोजण्यावर नाही. 'कोरीव मूर्ती करू नकोस' ही बहुतेक प्रोटेस्टंटांची स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. कॅथलिक तिला पहिलीतच धरतात आणि शेवटी दहाची भरती करायला लोभाची आज्ञा दोनात फोडतात, शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ वेगळा, मालमत्तेचा वेगळा. (गंमत म्हणजे लूथरचे अनुयायीही कॅथलिकांसारखंच मोजतात.) चर्चमध्ये संतांच्या मूर्ती ठेवणाऱ्या कॅथलिकांना 'मूर्ती करू नकोस' ही आज्ञा प्रोटेस्टंट थाटात म्हणायला लावणं म्हणजे रोज त्यांच्याच तोंडून त्यांची खरडपट्टी काढून घेणं होतं.

थॉमस व्हॉल नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलानं ते म्हणायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नकार दिला. मग कुक नावाच्या उपमुख्याध्यापकानं वेताची छडी घेतली आणि त्याच्या हातांवर मारत राहिला, मध्ये थांबून, पुन्हा विचारून, पुन्हा मारत, सुमारे अर्धा तास. मुलाच्या हातांना जखमा झाल्या. त्यानंतरच्या दिवसांत शेकडो कॅथलिक मुलांनी शाळेत आज्ञा म्हणायला नकार दिला आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. बापानं कुकवर खटला भरला. न्यायालयानं कुकला निर्दोष ठरवलं. मूल शाळेच्या शिस्तीत आहे, एका मुलाच्या सदसद्विवेकासाठी नियम मोडला तर शाळा चालणार नाहीत, असा एकूण सूर होता. तरी राज्याला काहीतरी उमगलं असावं, कारण १८६२ साली कायदा बदलला आणि पालकांच्या श्रद्धेविरुद्ध ठरावीक आवृत्ती वाचण्याची सक्ती बंद झाली.

त्याआधी १८५४ साली मेन राज्यात असाच एक निकाल लागला होता. एल्सवर्थ गावातल्या १५ वर्षांच्या कॅथलिक मुलीनं किंग जेम्स वाचायला नकार दिला, शाळेनं तिला काढलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेचं बरोबर ठरवलं. त्याच वर्षी गावकऱ्यांनी जॉन बाप्स्ट या धर्मगुरूच्या अंगाला डांबर आणि पिसं फासली.

हेच १८५४ साल आपल्या ओळखीचं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वुडचा खलिता त्याच वर्षीचा. सरकारी शाळांमध्ये शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, बायबल ग्रंथालयात असेल, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, असं तो सांगतो. कंपनीला ही उदारता कुठून सुचली असेल ते वेगळं सांगायला नको; परक्या मुलखात राज्य करायचं होतं. पण मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या काँग्रिगेशनल मंडळींमधून निघालेल्या मिशननं १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं आणि पुढं नगरपर्यंत शाळा काढल्या, त्यांच्या घरच्या राज्यात सरकारी शाळा आणि बायबल यांची अशी फारकत अजून कुणाला पटत नव्हती.

अमेरिकेत अशी फारकत सिनसिनाटीला झाली. तिथल्या शाळा मंडळानं १८६९ साली २२ विरुद्ध १५ मतांनी बायबल वाचन बंद केलं. हेतू असा की कॅथलिक मुलं सरकारी शाळांत येतील. ती आली नाहीत. कारण कॅथलिक धर्मगुरूंना प्रोटेस्टंट शाळा नको होती तशी देव नसलेली शाळाही नको होती. त्यांना करातून स्वतःच्या शाळा हव्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं मंडळाचा ठराव अडवला. एकटे पडलेले न्यायाधीश अल्फान्सो टाफ्ट, पुढं त्यांचा मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं शेवटी मंडळाच्या बाजूनं निकाल दिला. १८८४ साली अमेरिकन बिशपांनी बाल्टिमोरला जमून प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा काढण्याचा हुकूम सोडला. आज अमेरिकेत दिसणारं कॅथलिक शाळांचं जाळं बऱ्याच अंशी या भांडणाचं अपत्य आहे. १८९० साली विस्कॉन्सिनमध्ये एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी खटला जिंकला. टिप्पणीविना किंग जेम्स वाचणं हेही पंथाचं शिक्षणच आहे, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. फिलाडेल्फियाच्या बिशपांना हेच म्हणायचं होतं, फक्त ४८ वर्षं आधी.

मग येतं १९६३. जागा पुन्हा फिलाडेल्फियाच्या वेशीवरची, ॲबिंग्टन. पेन्सिल्वेनियाच्या कायद्यानुसार रोज बायबलची दहा वचनं वाचायची होती, टिप्पणी न करता. वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आवृत्ती निवडायची मुभा होती. किंग जेम्स वाचलं जायचं, डुए वाचलं जायचं, ज्यूंचं धर्मशास्त्रही वाचलं गेलं होतं. शाळेनं प्रती मात्र एकाच आवृत्तीच्या पुरवल्या होत्या, किंग जेम्सच्या. १९५६ साली एलरी शेम्प हा १६ वर्षांचा मुलगा वाचनाच्या वेळी मनातल्या मनात कुराण वाचत बसला आणि प्रार्थनेला उभा राहिला नाही. त्याचं कुटुंब नास्तिक नव्हतं, युनिटेरियन होतं. होरेस मान यांच्याच पंथाच्या घरानं मान यांच्या काळचा तोडगा न्यायालयात नेला. १७ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: सरकारी शाळेत उपासना म्हणून बायबल वाचन घटनाबाह्य. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्यातच हेही लिहिलं की साहित्य म्हणून, इतिहास म्हणून, तटस्थपणे बायबल अभ्यासायला आडकाठी नाही. शिकवणं आणि उपासना करवणं यांच्यातली ही रेघ आपल्या घटनेच्या २८व्या कलमातही दिसते: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही.

अशा निकालांवर कोण चिडलं ते बघण्यासारखं आहे. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या शाळांमधली सरकारी प्रार्थना न्यायालयानं रद्द केली तेव्हा धक्का बसल्याचं जाहीर करणारे होते कार्डिनल स्पेलमन, कॅथलिक. आणि १९६४ साली शाळेतल्या प्रार्थनेसाठी घटनादुरुस्तीची खटपट झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेल्यांत मोठ्या प्रोटेस्टंट चर्चचे प्रतिनिधी होते, बॅप्टिस्ट होते. सव्वाशे वर्षांत माणसं खुर्च्या बदलून बसली होती. कॅथलिक आता उपरे राहिले नव्हते, राष्ट्राध्यक्ष केनेडीच त्यांचे होते. त्यांना शाळेतला देव नाहीसा होण्याची काळजी वाटत होती. बॅप्टिस्टांना मात्र सरकारनं लिहिलेल्या प्रार्थनेची भीती त्यांच्या सतराव्या शतकातल्या पूर्वजांपासून होती.

विषय मिटलेला नाही. ओक्लाहोमाच्या शिक्षण खात्यानं २०२४ साली शाळांसाठी ५५,००० बायबलची निविदा काढली. अट होती किंग जेम्स आवृत्तीच हवी, आणि त्याच बांधणीत अमेरिकेची राज्यघटनाही हवी. टीका झाल्यावर अटी सैल केल्या. लुइझियाना राज्यानं त्याच वर्षी प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला आणि तक्त्यावर कुठले शब्द छापायचे तेही कायद्यातच लिहून दिलं. हा मसुदा नवा नाही. १९५०च्या दशकात एका संस्थेनं गावोगावी दहा आज्ञांच्या शिळा उभारल्या, तेव्हा सगळ्या पंथांना चालेल असा म्हणून तो जुळवला गेला होता. भाषा किंग जेम्सच्या वळणाची आहे, मूर्तीची आज्ञा स्वतंत्र ओळीत आहे, आणि लोभाची आज्ञाही दोन ओळींत फोडलेली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान. ओळींना आकडे मात्र घातलेले नाहीत. मी बोटं मोडत मोजून पाहिलं. 'मी परमेश्वर तुझा देव आहे' ही पहिली ओळ सोडून दिली तरी आज्ञा अकरा भरतात.